डोरीन आंटीचं राहिलेलं उत्तर

थांबा, बाकी सगळं नंतर, हे आत्ताच सांगायचंय, नाहीतर मी फुटेन! तीन आठवड्यांपूर्वी आमच्या सिंगापूरच्या, पुंगोलमधल्या फ्लॅटची बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधले मार्कस अंकल, डोरीन आंटीचे मिस्टर, हातात आमचा स्टीलचा डबा. "डोरीन गेली," एवढंच म्हणाले. हार्ट अटॅक. आईने डबा घेतला आणि न उघडताच ओट्यावर ठेवला...

डोरीन आंटी म्हणजे अलाबामाची ब्लॅक अमेरिकन, रिटायर्ड टीचर, आणि आमच्या मजल्यावरची सगळ्यात मोठ्याने हसणारी बाई. २०१६ ची गोष्ट. अमेरिकेतल्या निवडणुकीआधी तिच्या गावची मंडळी ब्लॅक लोकांना काय हवंय याची यादी उमेदवारांना द्यायला करत होती. परदेशातल्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आंटी भडकली. "आम्ही सिंगापूरला आलोय, मेलो नाही आहोत! आम्हालाही मोजा." शुक्रवारपर्यंत इथल्या ब्लॅक अमेरिकनांची, म्हणजे तिच्या लोकांची, उत्तरं पाठवायची होती. मी तेव्हा कॉलेजात, टायपिंग सुसाट, म्हणून मी सेक्रेटरी. "सई, तू टाईप करतेस की कीबोर्डला मारतेस?" आंटी विचारायची.

मी ऑनलाइन फॉर्म बनवला, 'सरकारकडून आधी काय हवंय?', आणि घाईत चुकून पाठवला आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही! दिवाळी तोंडावर. आमच्याकडे फॉर्म आला म्हणजे तो फराळाचाच, वाचतंय कोण? तासाभरात उत्तरांचा पाऊस. 'चकली दोन डबे, तिखट कमी.' 'गेल्या वर्षी चिवड्यात दाणे शोधावे लागले.' मी आंटीला इंग्लिशमध्ये सांगत होते आणि ती सोफ्यावर आडवी होऊन हसत होती. "हे अलाबामाला पाठवू या! दाणे हा राष्ट्रीय प्रश्न आहे!"

शेवटचं उत्तर मात्र वेगळं निघालं. 'माझी आई साताऱ्यात एकटी आहे. ती फोनवर सांगते मजेत आहे, मीही सांगते मजेत आहे.' नाव नव्हतं. पण साताऱ्यात एकटी म्हणजे आमची आजी, मला कळलं, ते माझ्याच आईचं. आंटी उठून बसली. तिच्या लोकांनी आतापर्यंत काय लिहिलं होतं? 'शिक्षण.' 'नोकऱ्या.' परीक्षेत लिहितात तसं. "प्रश्नच चुकलाय," ती म्हणाली. "पुसून टाक. लिही, आईला फोनवर काय सांगत नाही?"

आणि मग लोक बोलले ना! एका बाबाने लिहिलं, मुलगा अमेरिकेत शिकायला गेलाय, ब्लॅक पोरगा बघून पोलिसांनी गाडी थांबवली तर काय, या भीतीबद्दल त्याच्या आजीजवळ अवाक्षर काढत नाही. एकीने लिहिलं, पोस्टाने पाठवलेलं मत खरंच मोजतात का, कोण जाणे. यादी वेळेत गेली. दोन्ही मुद्दे यादीत घेतल्याचं तिच्या गावाहून उत्तर आलं, तेव्हा आंटी लिफ्टसमोर माझ्या आईला धरून नाचली, आणि आई गाऊनमध्ये, "अगं डोरीन, लोक बघतायत!"

"आंटी, तुझं उत्तर?" मी विचारलं होतं. "आधी बाकीच्यांचं." मग मीही विसरले. पुढे दर दिवाळीआधी ती आमचा डबा परत पाठवायची, आत चिठ्ठीवर फराळाची ऑर्डर. काल आईने अंकलसाठी चकल्या तळल्या, भरायला तोच डबा उघडला... आत चिठ्ठी. आंटीचं टीचरचं अक्षर.

'सई, उशीर झाला, पण उत्तर घे. आईला सांगत नाही की मी आता परत येणार नाहीये. माझं घर इथे आहे, तुमच्या समोर. आणि यंदा चकली तिखटच.'

आई हसायला लागली, मग रडायला, आणि मग तिने उरलेल्या पिठात आणखी तिखट घातलं. सांगा ना, तुमच्याही ओळखीत होतं का असं कोणी, सगळ्यांना विचारत फिरणारं, ज्याला तुम्ही परत विचारलंच नाहीत?