निळी गौरा

जव्हारच्या बाजारातल्या फोटो स्टुडिओच्या पाटीवर नाव दामोदरचं होतं. काम मात्र सगळं त्याच्या बायकोचं, अनसूयाबाईंचं. दामोदर गिऱ्हाइकाला 'हसा' म्हणायचा आणि चहाला सटकायचा. फोटो धुणं, सुकवणं, चेहऱ्यावरचे डाग खोडणं बाईंच्या वाट्याला. पुढे मोबाइल आले, दामोदर वारला, स्टुडिओ बंद पडला. पण बाई हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हेत. साठीत त्यांनी उन्हात फोटो छापायची जुनी रीत शिकून घेतली. कागदाला लोहाच्या क्षारांचं पाणी फासायचं, सुकला की वर निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचं, दहा मिनिटं ऊन दाखवायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. गडद निळा फोटो हजर! आता नाशिक-मुंबईची हौशी मंडळी ही विद्या शिकायला त्यांच्या अंगणात येतात.

गेल्या माघात जामसरची रखमी आली. तिची आई गौरा जाऊन महिना झाला होता. गौराने उभ्या जन्मात एकदाच, याच स्टुडिओत, फोटो काढून घेतला होता आणि तोही घर गळून खराब झालेला. बाईंनी पेट्या उपसून पोस्टकार्डाएवढी निगेटिव्ह शोधून काढली.

"आत्ता देते," त्या म्हणाल्या. शिकायला आलेल्या सात जणांपुढे जरा तोरा मिरवायचा होता, हेही खरंच. त्या नादात कागद पुरता सुकायच्या आत त्यांनी निगेटिव्ह वर ठेवली. उन्हाने ती चिकटली. सोडवताना तिच्यावरचा चित्राचा थर कागदाला लागून आला आणि धुताना पाण्यात वाहून गेला; निगेटिव्ह कोरी झाली. छाप तेवढा सुरेख उतरला. गौराचा आता जगात तो एकच फोटो.

मंडळी त्या निळाईवर बेहद्द खूश. रखमी मात्र मागे सरली.

"बाई, ही नाय माझी आयस. आयस काळी होती. ही बुडून मेल्यावानी दिसं."

अनसूयाबाईंना राग आला, तो स्वतःचाच. गेली चार वर्षं त्या या निळ्याचं कौतुक ऐकत होत्या. माणसाच्या चेहऱ्यावर तो कसा दिसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. उपाय त्यांच्याकडे होता. पानाफुलांच्या छापांवर तो वीसदा केलेला, माणसाच्या तोंडावर कधीच नाही. त्यांनी धुण्याचा सोडा पाण्यात कालवला आणि छाप आत सोडला. निळा रंग झरझर उतरला. डोळे गेले, नाक गेलं, फिकट पिवळा डाग उरला.

"आयस गेली ना!" रखमीने त्यांचा दंड धरला.

"जात नाही. तुझी आई रानात जन्मभर काय वेचायची?"

"हिरडं."

"मग बघ."

कागद धुऊन बाईंनी लोहाला काळं करणाऱ्या हिरड्याच्या काढ्यात बुडवला आणि ट्रे हळूहळू हलवत राहिल्या. आधी केस आले. मग भुवया, मग गळ्यातली पोत. अर्ध्या तासात गौरा चांगली काळीभोर वर आली, कपाळावरच्या आठीसकट.

बाईंनी छाप धुऊन अंगणात दोरीवर वाळत घातला आणि बाजूला झाल्या. रखमीने पुढे होऊन आपला पदर त्याच्यावर धरला.

"आये," ती म्हणाली, "उन्हात नको ऱ्हाऊ. चल, घरा जाऊ."