वसतिगृहातल्या पाठराखिणी

सहा वाजत आले होते आणि व्हरांड्यातल्या बायका उठायला तयार नव्हत्या.

मोजल्या तेव्हा सतरा भरल्या. आज्ज्या, आत्या, मावश्या. प्रत्येकीजवळ वळकटी आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. त्यांच्या अधेमधे माझ्या सव्वीस मुली आपापल्या पत्र्याच्या पेट्यांवर बसून होत्या. मी घंटा वाजवली आणि छापील नियम मोठ्यानं वाचला. सायंकाळी सहानंतर बाहेरच्या व्यक्तीनं वसतिगृहाच्या आवारात थांबू नये.

"बाहेरची कोन?" पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. "आमी पाठराखीण हाव."

उमरग्याच्या आमच्या कॉलेजात मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. रेक्टर म्हणजे राहणाऱ्या मुलींची हजेरी, जेवण, पाणी, आजारपण या सगळ्याला जबाबदार व्यक्ती. ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा. मागचे दोन पावसाळे कोरडे गेले होते. त्या सुट्टीत कॉलेजनं पहिल्यांदाच खेड्यांतल्या मुलींसाठी उन्हाळी वर्ग ठेवला होता. दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणाऱ्या मुली सहा आठवडे वसतिगृहात राहणार, इंग्रजी-गणित पक्कं करणार आणि जूनमध्ये अकरावीला सायन्स घ्यायचं धाडस करणार. ही कल्पना माझी होती. प्राचार्यांनी ती उचलून धरली, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

या मुलींपैकी एकही कधी परक्या घरी झोपलेली नव्हती. आमच्या भागात मुलगी घर सोडून पहिल्यांदा कुठं मुक्कामाला जाते ती सासरी. तेव्हा तिच्या सोबतीला माहेरची एक बाई चार दिवस जाते. ती पाठराखीण. वसतिगृहाचं पत्र गेल्यावर घरोघर मोठ्या माणसांनी विचार केला आणि त्यांना माहीत असलेली तयारी केली. पत्रात मी ताट, वाटी, अंथरूण, कंदील असं सगळं लिहिलं होतं. सोबत कुणाला आणू नये, हे लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

"आज्जी, हे सासर नाही," मी म्हणाले. "सव्वासहाला एसटी आहे. तुम्ही निघा."

"मग पोरगीबी निघंल," ती म्हणाली. तिनं नातीकडं पाहिलं. "महादेवी, उचल पेटी."

महादेवी रडत होती, पण पेटी तिनं उचलली. त्या बसनं सतरा बायका गेल्या आणि आठ मुली गेल्या. मी फाटकाला कुलूप लावलं. नियम पाळला गेला याचं मला समाधान वाटलं, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

शुक्रवारी सकाळी आणखी तिघींचे वडील येऊन त्यांना घेऊन गेले. राहिल्या पंधरा.

अकरा वाजता प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्यासमोर तालुक्यातल्या एका सहकारी सोसायटीचे चेअरमन बसले होते. ते आमच्या कॉलेजच्या कमिटीवरही होते.

"मॅडम, चेअरमनसाहेबांना चारा डेपोसाठी पक्कं छप्पर पाहिजे. कडब्याचे ट्रक सुरू झालेत," प्राचार्य म्हणाले. "मंगळवारी कमिटी आहे. वीस मुली असतील तर वसतिगृह चालू ठेवायचं, असं ठरलं होतं. तुमच्याकडं किती आहेत?"

"पंधरा. मंगळवारपर्यंत वीस होतील."

चेअरमन शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग न्हाय. पोरी घरी ऱ्हाऊ शकत्यात. जनावरं कुठं जातील?"

माणूस खोटं बोलत नव्हता. वसतिगृहाच्या गच्चीवरून हायवे दिसायचा आणि त्यावरून रोज बाजाराला निघालेली बैलं दिसायची. त्यांच्या फासळ्या मोजता यायच्या. पण घरी राहिलेल्या मुलींचं पुढं काय होतं, तेही मला माहीत होतं. जूनपर्यंत त्यातल्या निम्म्यांची लग्नं ठरली असती.

"मंगळवारी मोजायला या," मी म्हणाले.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी महादेवीच्या गावी गेले. कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेलं गाव. तिच्या आणि शेजारच्या गावांतून मिळून पाच मुली परत गेल्या होत्या, आणि पाचही घरं तिच्या आज्जीच्या नात्यातली किंवा ओळखीतली होती. ही एक बाई परतली तर पाच परततील, असा माझा साधा हिशेब होता. तिचं नाव नीलव्वा.

ओसरीत बसवून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. उन्हातून तीन मैल चालून आले होते. मी घटाघटा प्यायले. मग तिनं विचारलं, "तुमी मूळच्या कुठल्या?"

"भूम तालुक्यातलं ईट."

"कुनाच्या?"

"आम्ही बौद्ध."

तिनं रिकामा तांब्या उचलून चुलीशेजारी राखेजवळ ठेवला. मी ते पाहिलं आणि मी पाहिलं हे तिनंही पाहिलं. त्यावर बोलत बसले असते तर बारा वाजताची एसटी गेली असती आणि महादेवी तिथंच राहिली असती. मी माझ्या कामावर आले.

"महादेवीला परत पाठवा. तिचं गणित चांगलं आहे."

"आमी कुठं न्हाय म्हनलं? पाठवलीच हुती. तूच हाकललीस." तुमीवरून ती तूवर आली होती. ते जातीमुळं की रागामुळं, कोण जाणे. "तू कालेजात गेलीस तवा तुला सोडाया कोन आलतं?"

"वडील आले होते. औरंगाबादला."

"सोडून लगीच माघारी फिरलं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझे वडील पाझर तलावाच्या कामावर दगड फोडत. मला वसतिगृहात सोडून ते परत गेले, असं मी वर्षभर समजत होते. पुढं कधीतरी वॉचमननं सांगितलं की तुझा बाप दोन दिवस फाटकासमोर लिंबाखाली बसून होता. कचेरीत काम आहे म्हणायचा. बरोबरच्या भाकरी संपल्यावर गेला.

"नाही," मी म्हणाले. "दोन दिवस राहिले."

"मग?" नीलव्वा म्हणाली. "तुजा बाप ऱ्हातो ती माया, आन आमी बाहेरच्या व्हय?"

मी तिथंच ठरवलं. पाठराखिणीनं यावं. तीन दिवस राहावं. व्हरांड्यात झोपावं. पण पाणी मुलीगणिक रोज एक बादली मिळतं, टँकर एक दिवसाआड येतो. पाठराखिणीला वेगळी बादली मिळणार नाही. तिनं मुलीच्याच बादलीत भागवावं.

"भागवू की," ती म्हणाली. "इथं काय नदी वाहतीय?"

रविवारी मी माकणीकडं जाऊन आले. पाठराखिणींबरोबर गेलेल्या आठांतल्या उरलेल्या तिघी तिकडच्या होत्या. तिथं वाद झाला नाही. आत्याबाई वळकटी बांधूनच बसल्या होत्या, म्हणाल्या, "आमाला वाटलंच, येताल तुमी."

जाण्याआधी प्राचार्यांची परवानगी घ्यायला हवी होती. मी नंतर घेतली, ही माझी चूक.

"मॅडम, सहानंतर बाहेरच्या बायका? कमिटी विचारेल, कुठल्या नियमात बसतं?"

मी प्रवेशाचा फॉर्म पुढं ठेवला. त्यात 'स्थानिक पालक' असा एक रकाना असतो. मुलीचे आईवडील लांब असले तर गावातला जो नातेवाईक तिची जबाबदारी घेतो, त्याचं नाव तिथं लिहायचं. खेड्यातल्या मुलींचे हे रकाने कोरे होते. उमरग्यात त्यांचं कुणीच नव्हतं. मी आठ फॉर्मांवर आठ बायकांची नावं लिहिली होती. पुढं 'तीन दिवसांपुरत्या'.

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "स्थानिक पालक वसतिगृहातच राहतो, असं पहिल्यांदाच ऐकतोय," म्हणाले आणि सही केली.

रविवारी संध्याकाळपर्यंत आठही मुली आल्या. बरोबर आठ पाठराखिणी. तेवीस. पण नीलव्वा वळकटी न सोडताच माझ्या टेबलाशी आली.

"प्यायच्या पान्याचा रांजन एकच हाय."

"एकच आहे."

"आमच्या पोरींस्नी येगळा माठ ठेव. मी घरनं धाडून देते."

मला कळलं होतं ती काय म्हणतेय. पंधरा राहिलेल्यांत चार मुली आमच्या समाजाच्या होत्या. या पाच मुली परत गेल्या तर उरतात अठरा, हेही मला कळत होतं. सहाचा नियम मी मोडला होता, कारण तो नियम करताना कुणी या बायकांचा विचारच केला नव्हता. रांजणाच्या बाबतीत मात्र माझा विचार पूर्ण झालेला होता.

"नाही आज्जी. मुलींना रांजण एकच. तुमचा तांब्या तुम्ही भरून ठेवा, मी काही म्हणणार नाही."

"आन पोरगी?"

"पोरगी रांजणातलं पिणार. नाहीतर सव्वासहाची गाडी आहे."

आमची स्वयंपाकीण शेवंताबाई पोळपाट हातात घेऊन दारात थांबली होती.

मागून महादेवी म्हणाली, "आज्जी, मी गुरवारीच प्याले की त्यातलं. दोन येळा."

नीलव्वानं नातीकडं पाहिलं. मग कानडीत काहीतरी पुटपुटली आणि व्हरांड्यात जाऊन वळकटी सोडली. तीन दिवस ती स्वतःच्या तांब्यातलंच प्यायली, स्वतःच्याच भाकरी खाल्ल्या. तिचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. मला तेवढा वेळही नव्हता.

सोमवारी एक गोष्ट घडली. आमच्या मुलींना अर्ध्या बादलीत अंघोळ कशी करायची ते येत नव्हतं, असं नाही. पण सगळ्या घाईत सांडत होत्या. या आठ बायकांनी मोरीचा ताबा घेतला. अंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात कपडे भिजवायचे. भांडी राखेनं कोरडी घासून मग ओंजळभर पाण्यानं विसळायची. सांडलं की टोमणा ठरलेला. "तुज्या बापानं धरन बांधलंय व्हय?" माकणीच्या एका मुलीचा बाप खरंच धरणाच्या कामावर होता. तिनं "व्हय" म्हटल्यावर सगळ्या हसल्या. त्या उन्हाळ्यात वसतिगृहात ऐकू आलेलं ते पहिलं हसू. शेवंताबाईनं संध्याकाळी टाकीत काठी घालून पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, मानसं वाढली आन पानी उरलं."

मंगळवारी कमिटीचे चौघे आले. चेअरमन पुढं. मी मुलींना खोल्यांच्या दारात उभं केलं होतं. त्यांनी स्वतः मोजलं.

"तेवीस," ते म्हणाले. मग व्हरांड्याकडं बोट केलं. "आन ह्या कोन?"

"स्थानिक पालक," प्राचार्य घाईनं म्हणाले.

चेअरमन हसले नाहीत. "सर, ह्या म्हाताऱ्या हाईत म्हणून पोरी हाईत. ह्या गेल्या की पोरी जातील. मग मी काय तीन दिवसांनी पुन्हा मोजाया येऊ?" ते नीलव्वासमोर जाऊन उभे राहिले. "आज्जी, तुमी कवा जानार?"

"पोरगी जा म्हनंल तवा."

सगळ्यांनी महादेवीकडं पाहिलं. माझी सगळी खटपट त्या घडीला एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडात होती आणि मी तिला काहीही शिकवून ठेवलेलं नव्हतं.

महादेवी खाली मान घालून म्हणाली, "आज्जी, तू आजच जा गं. अर्धी बादली तूच घेतीस. माजं केस धुयाचं ऱ्हायलंय."

चेअरमनसुद्धा मान फिरवून हसले. नीलव्वाला मात्र हसू आलं नाही. तिनं वळकटी बांधायला घेतली. बांधता बांधता समोर बघून तिनं विचारलं, "ती समोरची बिल्डिंग कुनाची? मोठं कुलूप लावलेली."

"मुलांचं वसतिगृह," प्राचार्य म्हणाले. "सुट्टीत बंद असतं."

"मग त्यात काय हाय?"

त्यात काहीच नव्हतं. सोळा खोल्या, पक्कं छप्पर आणि ट्रक थेट दारात जाईल असा रस्ता. चारा डेपोसाठी जागा शोधताना चेअरमनांना, प्राचार्यांना आणि कमिटीतल्या एकालाही ती इमारत आठवली नव्हती. मलाही नाही. मुलींचं वसतिगृह रिकामं करायचं म्हटल्यावर ते वाचवायला मी धावले, पण मुलांचंही रिकामं करता येतं हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आधीच रिकामं असून.

दुपारच्या बसनं आठही पाठराखिणी गेल्या. एक मुलगी आत्याबरोबर परत गेली. बावीस राहिल्या. गुरुवारी कडब्याचा पहिला ट्रक समोर उतरला. चेअरमन तेव्हा फाटकापाशी थांबून म्हणाले, "बाई, दोघांचं भागलं." मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले.

बावीसपैकी तेरा जणींनी जूनमध्ये सायन्स घेतलं. महादेवी त्यांत होती. जुलैत मुलं परत आली तेव्हा त्यांच्या खोल्यांतून कडब्याचा भुसा निघत होता. त्याबद्दल आलेले तक्रारअर्ज मी मुलांच्या रेक्टरांकडं पाठवले. ते खातं माझं नव्हतं.

पुढच्या बारा वर्षांत मी अनेक नियम केले आणि काही मोडले. प्रत्येक वेळी नियम लिहिण्याआधी तो ज्यांना लागू होणार त्यांच्यापैकी एका तरी घरी एसटीनं जाऊन आले. जीपनं गेलं की लोक हो म्हणतात. एसटीनं आणि वर तीन मैल चालत गेलं की खरं काय ते सांगतात.