आमचे मामंजी आणि ऑपरेशनची जागा

जगातलं कुठलंही काम कुठं करावं हे आपल्याला विचारल्याशिवाय ठरूच नये, असं आमच्या चुलत मामंजींचं ठाम मत आहे. दुसऱ्याच्या म्हशीचा खुंटा, शेजारणीची चूल, शाळेची घंटा, सगळ्यांची जागा त्यांच्या मते चुकलेली. एकदा वाटूरला त्यांनी उभी एस.टी. चार हात पुढं घ्यायला लावली. ती पुढं गेली ती गेलीच, हे खालीच राहिले. औरंगाबादला त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तर ते अर्धे डॉक्टरच झाले.

माझी धाकटी जालन्याच्या दवाखान्यात जन्मली ती शौचाची वाट बंद असलेली. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, अंग गार पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची खोली अंगणापलीकडं आहे. या थंडीत तिथवर नेली तर पोर वाटेतच जाईल. इथंच करतो, खाटेवर, शेगडीच्या उबेला."

मामंजी उसळले. "खाटेवर? हजामत हाये का ही? माझ्या वक्ताला डोक्यावर परातीएवढा दिवा होता! टेबल पाहिजे बराबर, न्हाई तर औरंगाबादला न्या!" आणि पुरावा म्हणून सदरा वर करून टाके दाखवायला निघाले. डॉक्टर हात धुऊन थांबलेले. माझे मालक खाली मान घालून उभे. चुलत्याचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. इकडं पोरीचं रडणं बारीक होत चाललेलं.

आमच्यात सून सासऱ्यापुढं बोलत नाही. लग्नाच्या सात वर्षांत मामंजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. मी पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "पोर हलणार न्हाई. तुम्ही भाईर व्हा."

त्यांनी रागानं नर्सबाईंकडं पाहिलं. हे मी बोलले असेन, असं त्यांच्या मनातच आलं नाही. कळलं तेव्हा सदरा खाली ओढून बाहेर गेले. दाराची कडी लागत नव्हती, गार वारा आत येत होता. ऑपरेशन संपेपर्यंत मामंजींनी ते दार बाहेरून पाठीनं दाबून धरलं.

पोर वाचली. आता मामंजी गावभर सांगतात, "जागा मीच दावली डॉक्टरला." मालक तोंड लपवून हसतात. मी मात्र मामंजींचं म्हणणं खोडत नाही. दार उघडलं तेव्हा गारठ्यानं त्यांना पाय उचलता येत नव्हते, आणि डॉक्टरांना सोडून त्यांनी मलाच विचारलं होतं, "सूनबाई, रडली का गं ती?"