भाभी, गवा आणि आंबा घाट

आधी बांगड्या कोपराकडे सारायच्या, मग ओढणी कमरेला खोचायची, मग म्हणायचं, "चल, बस." आमच्या शेजारची भाभी गाडी काढायची ती अशी. तुमच्याही गल्लीत असेल अशी कोणी, पण आमचीचं ऐकाच.

तिचा नवरा मस्कतला आणि त्याची लाल गाडी दारात नुसती उभी. भाभी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन स्वतःच शिकली. तेव्हा, दोन हजार सालाच्या आसपास, रत्नागिरीत बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर पोरं सायकली थांबवून बघायची. ही काच खाली करून विचारायची, "काय रे, सोडू घरी?" पोरं पसार.

बाबा कामासाठी कोल्हापूरला गेले होते. फोन आला तो भाभीकडेच, आमच्याकडे कुठला फोन. बाबांना ट्रकने उडवलं होतं. पाय वाचवायचा तर लगेच ऑपरेशन, आणि सहीला घरचं माणूस पाहिजे. एसटी थेट दुपारी. आई पैसे पदराला बांधत उठली. भाभीने बांगड्या सारल्या. "चला वहिनी, बसा."

आई पुढे, मी मागे. साखरपा सुटलं आणि आंबा घाट लागला. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला चांदोलीच्या अंगाचं ते दाट जंगल, वरून धुकं. एका वळणावर भाभीने गचकन ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध गवा. अहो, गाडीपेक्षा उंच, आणि मान खाली घालून फुसफुसतोय.

आई कुजबुजली, "भाभी, मागे घ्या."

"नाही येत."

"काय नाही येत?"

"मागे घ्यायला. वाळूत मी गोलच वळवायचे. घाटात पण आजच आले, वहिनी."

समोर गवा, मागे वळण, आणि आम्ही हिच्या भरवशावर निघालेलो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग गवा आपल्या आपण झाडीत शिरला. भाभीने गाडी सुरू केली तर ती चढावर मागेच सरकायला लागली.

आई म्हणाली, "येतंय की मागे."

तिघी हसत सुटलो. हसता हसता भाभीचा आवाज चिरकला, "दगड लाव गो चाकामागे." मी उतरले. गवा गेला त्या झाडीवरची नजर न काढता दगड लावला. तिसऱ्या खेपेला गाडी चढली.

सही वेळेत झाली. बाबा आज थोडे लंगडतात, पण स्वतःच्या पायांवर चालतात. भाभी पुढच्या वर्षी मस्कतला गेली ती तिकडचीच झाली.

मला ती दिसते त्या दवाखान्याच्या बाकावर. तळहात मांडीवर उताणे, त्यांवर स्टिअरिंगचे लाल वळ.

मी विचारलं, "भाभी, तुला भीती नाही वाटली?"

"साखरप्यापासून वाटत होती. पण बोलले असते तर वहिनी उतरल्या असत्या. मग सही कोणी केली असती?"