दोघांनी एकच खायचं नाय

सांडू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, आशीचा नवरा. माणूस सरळ, पण तोंड उघडलं की विमानाशिवाय दुसरी गोष्ट नाय. जसं काय हाच चालवतो! अहो, चिकलठाण्याला विमानतळाजवळ एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला व्हता तो. मी त्याला चिडवायला सांडूराव म्हणायची. त्याला वाटायचं, मान देते.

तिथलं काम मात्र मला तोंडपाठ झालं व्हतं, इतक्यांदा ऐकवलं त्यानं. संध्याकाळी मुंबईचं विमान यायचं आणि रातभर इथंच मुक्कामाला ऱ्हायचं. सकाळी तेच माघारी. मुंबईहून आलेलं जेवण तेवढ्या एका फेरीपुरतं. उरलं तर फेकायचं, कुणी तोंडात घालायचं नाय. सकाळच्या उतारूंचा नाश्ता इथं शिजायचा. शिजला की लगेच गार खोलीत ठेवायचा. त्या खोलीत सांडू भर वैशाखात मफलर गुंडाळून जायचा. मग डबे भरायचे, चाकाच्या कपाटात लावायचे, कपाटाला कुलूप घालायचं आणि झुंजूमुंजू व्हायला विमानात चढवायचं. आशी म्हणायची, "परक्यांच्या पोटाची लई काळजी. घरी दूध उतू गेलं तर बसल्या जागचे उठत नायत."

एक दिवस हा नवीनच काय तरी ऐकून आला. विमान चालवायला दोघं असतात, आणि त्या दोघांना एकसारखं जेवण कधीच द्यायचं नाय. एकाला उपमा, तर दुसऱ्याला ऑम्लेट.

"का वं? भांडतात का एकमेकांशी?" मी विचारलं.

"तसं नाय, आक्का. अन्न बाधलंच तर एकालाच बाधावं. दुसऱ्यानं विमान सुखरूप खाली उतरवावं. आत माणसं बसलेली असतात ना."

आशी हसून हसून लोळली. त्यांची पोरगी मैना तवा तिच्या मांडीवर, नुकती बसायला लागलेली. आशीनं तिला उचललं आणि नवऱ्यापुढं धरलं. "मग आपल्या विमानात ही एक उतारू हाय. आजपासून तुम्ही अन् मी एकच खायचं नाय."

झालं! खेळच लागला घरात. त्यानं पिठलं घेतलं की ही वांग्याची भाजी घेणार. हिनं कढी ओरपली की त्याला नुसतं ताक. मी लई बोलायची तिला. "आगं, नवरा-बायकोनं एका ताटात जेवावं, तुमचं आपलं जगाच्या उलटंच."

"आक्का, तुला नाय कळायचं," ती म्हणायची. "यात बी माया हाय."

मला कळत नव्हतं, हे खरंच.

मैना तीन वर्षांची झाली त्या साली करमाडला आमच्या चुलतभावाच्या, बन्सीच्या पोराचं जावळ व्हतं. ऊन असं की मांडवात सुद्धा जीव कासावीस. बाहेरची माणसं जेवून उठली, मग घरच्यांची पंगत बसली. आशी आणि सांडू शेजारी शेजारी, मी समोर. मैना दूधभात खाऊन माझ्या मांडीवर झोपलेली. वाढप्यानं बासुंदी आणली. मला गोडाचं वावडं, मी वाटी पालथी घातली. आशीचा मात्र बासुंदीवर जीव. सांडूनं आपली वाटी हळूच तिच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाला, "तू गोड, मी तिखट. ही पण तूच खा."

तिनं दोन्ही वाट्या चाटून पुसून खाल्ल्या. वर मला वेडावून दाखवलं.

दूध नासकं व्हतं का खवा, देव जाणे. दिवस मावळायच्या आत ज्यांनी ज्यांनी बासुंदी खाल्ली ती सगळी माणसं आडवी झाली. ओकाऱ्या, जुलाब, नुसता हाहाकार. बैलगाडीतनं, टेंपोतनं, मिळंल त्यातनं शहराला दवाखान्यात नेली. बाकीची सलाईन लावून उठून घरी आली. माझी आशी तेवढी उठली नाय. डॉक्टर म्हणाले, किडन्या बसल्या.

सांडू तिच्या पायथ्याशी बसून व्हता. रडणं नाय, नुसता तिचे पाय चोळायचा. शेवटच्या दिवशी तिनं त्याला जवळ बोलावलं. ओठ वाळून गेल्ते तिचे.

"तुम्ही खाल्ली नाय, लई बरं झालं," ती म्हणाली. "मैना बसलीय आत. नीट उतरवा."

एवढंच बोलली. दुपारी गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेराव्याला चार माणसांत मी त्याला बोलले. "मेल्या, माझ्या बहिणीच्या पुढ्यात दोन दोन वाट्या सारल्यास! जळो तो तुझा खेळ! पोरगी माझ्याकडं दे आणि बस जा त्या विमानात." तो खाली मान घालून ऐकत व्हता. मैनाला मात्र त्यानं मांडीवरनं सोडलं नाय.

"आक्का, तिनं मला सांगितलंय," तो म्हणाला. "तुला कशी देऊ?"

नंतर मी तरी किती दिवस रुसून ऱ्हाणार? रात्री तो कामावर गेला की पोरगी माझ्याजवळ झोपायची, सकाळी येऊन तो घेऊन जायचा. वेणी घालायचा, तीही वाकडी. दुसरेपणाच्या सोयरिकी मीच आणल्या, त्यानं एकीकडं बी पाहिलं नाय. मैनाचं ताट आधी स्वतः चाखायचा, जरा वेळ थांबायचा, मग तिला वाढायचा. पोरगी कुरकुर करायची, "बापू, आपल्या घरात गरम कधीच मिळत नाय." पंगतीत बासुंदीची बादली दिसली की हा उठून हात धुवायला जायचा. माणसं हसायची. मी हसत नव्हते.

अशी ती मैना मोठी झाली, शिकली, फर्दापूरचं चांगलं स्थळ आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी सांडू आचाऱ्याला सांगतोय, "गोडाला बासुंदी करा." माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

"सांडूराव, डोस्कं ठिकाणावर हाय का? बासुंदी? या घरात?"

"आशाला आवडायची," तो म्हणाला.

लग्नाच्या सकाळी चुलीजवळ उभा तो. कढईला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय, माशी बसू दिली नाय. आधी स्वतःच्या जिभेवर थेंब ठेवला, नेहमीसारखा थांबला, मग पंगतीला वाढायला सांगितलं. त्यानं वाटी मात्र घेतली नाय.

मैना जाताना त्याच्या गळ्यात पडून अशी रडली की जीपवाल्यानं सुद्धा तोंड फिरवलं. हा रडला नाय. जीप दिसेनाशी होईस्तवर रस्त्यात उभा ऱ्हायला.

मग आम्ही बाया पत्रावळ्या गोळा करायला लागलो. पाहते तर सांडू मांडवाच्या एका कोपऱ्यात मांडी घालून बसलेला. पुढ्यात बासुंदीच्या दोन वाट्या.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"आक्का, उतारू उतरली," तो म्हणाला. "सुखरूप उतरली. आता दोघांनी एकच खाल्लं तरी चालतंय."

त्यानं पहिली वाटी संपवली. अर्धी सदऱ्यावर सांडली. मग दुसरी उचलली.

"ही तिची," तो म्हणाला. "त्या दिवशी माझी तिनं खाल्ली."

आणि इतक्या वर्षांचं रडणं आलं त्याला. वाटी तोंडाला, आणि माणूस लहान पोरासारखा हुंदके देतोय. पण वाटी काय खाली ठेवत नाय. मी त्याच्यासमोर मातीत बसले. आजवर कधी म्हणले नव्हते, ते आपोआप तोंडात आलं.

"खा भाऊ," मी म्हणलं. "सावकाश खा."