सरकलेले नंबर

देऊळगाव राजाच्या एका बियाणे कंपनीत देवानंद इंगळे अकरा वर्षांपासून कॉम्प्युटर सांभाळतो. कोणत्या शेतकऱ्याच्या शेडनेटमधून, म्हणजे जाळीच्या मांडवातून, किती बियाणं आलं, त्याला कोणता लॉट नंबर मिळाला, तपासणीत ते पास झालं की नापास, सगळं त्याच्याकडे. त्याच्या स्क्रीनवर असेल ते खरं, असं सगळेच धरून चालत.

मागच्या पावसाळ्यात कंपनीने नोंदींच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन घेतलं. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरांना ते झेपेना. एक नोंद उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. जानेवारीत मॅनेजर वैतागले.

"इंगळे, जुनंच परत टाका."

"साहेब, असं मागं जाता येत नाही. नव्यातला डेटा जुन्यात उघडत नाही."

"संध्याकाळपर्यंत बघा काहीतरी."

देवानंदने घाईत नवं काढलं, जुनं टाकलं. डेटा उघडला नाही. आधी त्याची प्रत काढून ठेवायची राहून गेली होती. हाताशी उरली ती जुन्या व्हर्जनची जुलैतली प्रत, म्हणजे या हंगामातले मिरचीचे सगळे लॉट पुन्हा भरायचे. वहीत शेतकऱ्यांची नावं ओळीने होती, पण नंबर नव्हते. नंबर कॉम्प्युटर द्यायचा आणि तो पोत्यावरच्या चिठ्ठीवर लिहिला जायचा. गोदामात जाऊन चिठ्ठ्या ताडायला दोन दिवस लागले असते. त्याने वहीवरून नावं भरली. अठरावा लॉट ओला निघाल्याने परत गेला होता, वहीत त्यावर काट होती, म्हणून ती ओळ सोडली. जुन्या व्हर्जनने सरळ एक ते बासष्ट नंबर दिले आणि अठरापासून पुढचं प्रत्येक नाव एका नंबराने सरकलं. बियाण्याचे नमुने मात्र चिठ्ठीवरच्या खऱ्या नंबरांनी आधीच तपासणीला गेले होते.

मार्चमध्ये अहवाल आले. एक्केचाळीस नंबरात भेसळ निघाली. स्क्रीनवर त्या नंबरापुढे नाव होतं वच्छलाबाईंचं. चौदा वर्षांत त्यांचा एकही लॉट नापास झाला नव्हता. पुढच्या हंगामाच्या यादीतून त्यांचं नाव निघालं. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या.

"देवानंद, माह्या बियाण्यात भेसळ? काऊन बरं? एकेक कळी माह्या नजरेखालून जाते."

अहवालात त्रेसष्ट नंबर आहे आणि त्या नंबराचं नावच आपल्याकडे नाही, हे देवानंदने सकाळीच पाहिलं होतं. नंतर बघू म्हणून सोडून दिलं होतं. त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"मावशी, कॉम्प्युटरमध्ये असंच आहे."

बाईंनी बराच वेळ बघितलं. "मग आमच्याच हातून झालं असंल," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या गेल्यावर तो गोदामात गेला. वच्छलाबाईंच्या पोत्यांवर चिठ्ठी होती बेचाळीसची. एक्केचाळीस नंबरची पोती मोतीराम नावाच्या दुसऱ्या शेतकऱ्याची होती.

तीन आठवडे तो काही बोलला नाही. नोकरी जाईल, ही भीती होती. पण स्क्रीन वळवताना आपला हात जराही अडखळला नाही, याची लाज जास्त होती. शेवटी त्याने बायकोला, धम्मशीलाला, सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"चूक जानेवारीत झाली," ती म्हणाली. "आता रोज नवी करून राह्यले तुम्ही."

सोमवारी पॅकिंग सुरू होणार होतं. भेसळीचं बियाणं चांगलं म्हणून पाकिटांत गेलं असतं. देवानंद मॅनेजरांसमोर उभा राहिला आणि सगळं बोलला.  मॅनेजरांनी पॅकिंग थांबवलं. मोतीराम ऑफिसात आला, भांडला नाही. "पास झालो म्हणून गावात पेढे वाटले होते हो मी," एवढंच म्हणाला.

त्याच दुपारी देवानंद वच्छलाबाईंच्या घरी गेला. त्यांनाही त्याने सगळं सांगितलं.

"मी करिष्माले काढून टाकलं रे," त्या म्हणाल्या. करिष्मा त्यांच्या गल्लीतली. चार हंगाम त्यांच्या शेडनेटमध्ये बियाण्यासाठी फुलांना हाताने पराग लावायची. "तुझं ध्यान मोबाइलमध्ये असते, म्हणलं. सगळ्या बायांसमोर."

"कधी काढलं, मावशी?"

"ऑफिसातून आले, त्याच्या आठ दिवसांनी."

म्हणजे त्याच दिवशी तो बोलला असता, तर ती राहिली असती.

दोघं करिष्माकडे गेले. वच्छलाबाईंनी तिचा हात धरला. करिष्माने तो सोडवला नाही, पण नजर देवानंदवर होती.

"तुम्हाले कधी कळलं?"

आजच, असं म्हणता आलं असतं.

"तीन आठवडे झाले."

"मी दुसऱ्या गावच्या काकडीच्या नेटवर जाते आता," ती म्हणाली. "दोन जीपा बदलून. पण तिथं कोणी मले बोलत नाही. तिथंच जाईन."

वच्छलाबाईंचं नाव पुन्हा यादीत आलं, कंपनीने तसं पत्रही दिलं. नवे कॉम्प्युटर आले, नवं व्हर्जन परत चढलं. देवानंदने नऊ दिवस गोदामात बसून एकेक चिठ्ठी वाचत नोंदी भरल्या. नोकरी टिकली. अजूनही एखादा शेतकरी म्हणतो, तुम्ही सांगता म्हणजे बरोबरच असेल, तेव्हा तो मान खाली घालतो आणि पुन्हा तपासतो.

सकाळी कामावर जाताना करिष्मा स्टँडवर जीपची वाट बघत उभी दिसते. तो गाडी हळू करतो. अजून एकदाही थांबलेला नाही.