हाराची भिंत

आमच्या ह्यांना एकच खोड होती. सुरतेत आमच्या कतारगामहून कुठंही जायचं असो, रिक्षा त्या शाळेवरून न्यायची. वाट वाकडी पडो, रिक्षावाला कुरकुरो, शाळा दिसली की मान बाहेर. "इथं शिकलो मी." लग्न झाल्यापासून ऐकतेय. मी म्हणायची, ठाऊक आहे हो, दगडा-विटांनाही ठाऊक झालं असेल एव्हाना.

शाळा फक्त मुलांची आणि गुजराती. परीक्षा पास झाल्याशिवाय पोराला आत घेत नाहीत. मराठी शाळेतून तिथं गेलेले त्यांच्या वेळचे हे एकटेच. गणितात इतके पुढं, की दहावीला शाळेत पहिले आले. मग सासरे गेले आणि ह्यांनी शाळा सोडून कापडाच्या मागावर उभं राहायचं पत्करलं. आता ते मागांचे मास्तर आहेत, म्हणजे शेडमधला माग बिघडला की तो चालू करायचा. कपड्यांना कायम तेलाचा वास.

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये समोरासमोर दोन भिंती आहेत, हेही त्यांनीच सांगितलेलं. एका भिंतीवर नाव काढलेल्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो: कलेक्टर, न्यायाधीश, धरण बांधणारा इंजिनियर. लहानपणी हे त्या भिंतीखाली डबा खायचे आणि मोकळी जागा बघून ठेवायचे. हे मला हसत हसत सांगायचे, पण हसू काही खरं वाटायचं नाही.

आमचा मुलगा त्याच शाळेची परीक्षा पास झाला तेव्हा घरात दिवाळीच झाली. प्रवेशाला आम्ही तिघं गेलो. ह्यांनी लग्नातला शर्ट घातला होता, बटणं पोटावर ताणलेली. मुलगा रांगेत उभा राहिला तसं मला म्हणाले, "चल, भिंत दाखवतो."

हॉलमध्ये गेलो. कलेक्टर बघितले, न्यायाधीश बघितले. मी म्हटलं, सगळ्यांच्या मिशा सारख्याच आहेत. मग सहज मागं वळले. दुसऱ्या भिंतीवरचे फोटो अकाली गेलेल्या हुशार मुलांचे, प्रत्येकाला चंदनाचा हार. त्यातला शेवटचा पोरगा बघून मला वाटलं, अगं बाई, हा तर आपल्याच पोरासारखा दिसतो! तेच कान, तीच वाकडी भुवई. ह्यांना दाखवायला गेले तर हे जागच्या जागी थिजलेले.

"मी आहे तो," हे म्हणाले.

 माझ्या कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, नवरा शेजारी घाम पुसतोय आणि भिंतीवर त्याच्या गळ्यात चंदनाचा हार! मी तिथंच ओरडले, "कोण मेलाय इथं? बोलवा कोण आहे त्याला!" शिपाई धावत आला, त्याच्यामागं आचार्य आले, म्हणजे तिथले मुख्याध्यापक. आचार्य नवीन होते, बिचारे फोटोकडं बघायचे, ह्यांच्याकडं बघायचे, परत फोटोकडं. त्यांनी सांगितलं, की ह्यांचे गणिताचे सर निवृत्त झाले त्याच वर्षी विश्वस्तांपुढं येऊन बसले आणि रडले. म्हणाले, माझा सगळ्यात हुशार मुलगा गेला, त्याचा फोटो लावा. जगला असता तर समोरच्या भिंतीवर असता. सर आता नवसारीला लेकीकडं असतात, पण दरवर्षी शाळेच्या वाढदिवसाला येतात आणि ह्या फोटोपुढं दिवा लावतात.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कावळा!

पाच-सहा वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नाला आम्ही खानदेशात गेलो होतो. हे अंगणात आंघोळीला बसले आणि कावळ्यानं डोक्याला चोच मारली. सासूबाईंनी ऊर बडवायला घेतला. "पोऱ्याले कावळा शिवना वं माय!" आमच्याकडं कावळा शिवला की मरणाचं सावट आलं असं मानतात. त्यावर तोड एकच: माणूस गेला अशी खोटी बातमी लांबच्या लोकांना पाठवायची. कुणीतरी खरं रडलं की सावट त्या रडण्यावर भागतं. पण मग बातमी मागं घ्यायची. नाही घेतली तर खोटी बातमी खरी होते. सासूबाईंनी सुरतेला परतणाऱ्या एका भाच्याला सांगितलं, "शेडमा सांग पोऱ्या गया म्हनीसन. रडू दे त्यासले, मंग सांग का खोटं शे." भाच्यानं सांगितलं, शेड बंद झाली, लोक रडले. आठवड्यानं हे स्वतःच शेडमध्ये उभे राहिले, तसे लोकांनी शिव्या घालून पेढे वसूल केले. बातमी मागं घेतली असंच आम्ही समजलो. पण शेडच्या मागच्या गल्लीत ते सर राहायचे. रडणं त्यांच्या कानापर्यंत गेलं, पेढे काही गेले नाहीत. त्याच महिन्यात ते नवसारीला निघून गेले.

म्हणजे बातमी अजून उघडीच होती! एवढी वर्षं! 

आचार्यांनी शिपायाला स्टूल आणायला लावलं, हार काढला, फोटो उतरवला. शिपाई फोटो घेऊन दोन भिंतींच्या मध्ये उभा राहिला. कुठं लावू, म्हणून बघत होता. आचार्यांनी अदबीनं विचारलं, "हल्ली आपण काय करता?"

"मागांचा मास्तर आहे," हे म्हणाले.

शिपायानं फोटो खाली घेतला. आचार्य म्हणाले, फोटो घरी न्या, तुमचाच आहे. त्यांचा काही दोष नव्हता, तरी त्यांना ओरबाडावंसं वाटलं मला. तेवढ्यात हे म्हणाले, "परत लावा. हारासकट. आणि सरांना काही सांगू नका."

घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. आल्यावर मात्र उघडलं. "अहो, मला विधवा करून भिंतीवर बसायची हौस आहे का तुम्हाला? बातमी मागं घ्यायला नको?" ते म्हणाले, "सर मी मोठा माणूस झालो असतो म्हणून रडतात. जिवंत बघितलं की मागांचा मास्तर दिसेल. त्यापेक्षा रडू दे."  राग कुणाचा करायचा? कावळ्याचा, सासूबाईंचा, भाच्याचा, की ह्या माणसाचा? राग आला की त्यांचा तेलकट शर्ट दिसायचा आणि रडू यायचं. रडू आलं की तो हार दिसायचा आणि आग मस्तकात जायची. पण एक कळत होतं. माझा नवरा मला जिवंत हवा होता आणि त्यासाठी सरांना खरं सांगणं भाग होतं.

शाळेच्या वाढदिवसाला मी एकटीच गेले. ह्यांना सांगून गेले. अडवलं नाही त्यांनी, नुसते खाटेवर पाठ करून पडले. हॉलमध्ये धोतर नेसलेले म्हातारे सर दिवा लावत होते. मी पाया पडले आणि म्हटलं, "सर, मी ह्याची बायको." त्यांनी आधी माझं कुंकू बघितलं. बराच वेळ बघितलं.

"जीवे छे?" सरांनी विचारलं, जिवंत आहे का म्हणून.

मी कावळ्यापासून सगळं सांगितलं. अर्धं गुजराती, अर्धं मराठी, मध्ये मध्ये रडणं. सर खुर्चीवर बसले. मी जीव मुठीत धरून वाट बघत होते, की आता विचारणार, करतो काय? उत्तर पाठ करून गेले होते मी, चांगलं ठणकावून द्यायचं होतं. त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "शाळा सोडायची म्हणून सांगायला आला, तेव्हा मी त्याच्याशी बोललो नाही. पाठ फिरवली. त्याचा बाप गेला होता आणि मला माझ्या गणिताची पडली होती. त्याचा राग आहे का गं अजून माझ्यावर?"

मी पाठ केलेलं उत्तर ह्या प्रश्नाचं नव्हतं. सरांनी स्वतःच्या हातानं हार काढला, फोटो काखेत धरला आणि आचार्यांना न विचारता घेऊन गेले. दिवा तसाच जळत राहिला रिकाम्या खिळ्यापुढं.

संध्याकाळी घरी आले तर हे तसेच पाठ करून.

"विचारलं ना त्यांनी? काय करतो म्हणून?"

"नाही."

"खोटं बोलू नको."

"तुमच्या गळ्याची शप्पथ. त्यांनी विचारलं, तुम्हाला त्यांचा राग आहे का. पाठ फिरवली होती म्हणून."

 ह्यांची पाठ थरथरायला लागली. मी जवळ गेले नाही, भाकऱ्या थापायला बसले. दुसरी भाकरी तव्यावर असताना हे उठले, तोंड धुतलं, तोच तेलाचा शर्ट अंगात घातला.

"नवसारीची गाडी किती वाजता असते गं?"